दिवा लागल्यावरचा विस्तव

संध्याकाळी ओटीवर बसले की माझी नजर अजूनही आधी शेजाऱ्यांच्या छपरांवर जाते. कुणाच्या कौलांतून धूर निघतो आहे, कुणाच्या नाही, हे पाहून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. याला भोचकपणा म्हणणारी माणसं आहेत, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. पण ही खोड मला लागली कशी, ते सांगायला हवं.

चोविसाव्या वर्षी मी मास्तरीण होऊन कुलाबा जिल्ह्यात आले. लग्नानंतर वर्षभरातच नवरा विषमज्वराने गेला होता. पुण्याला भावाच्या घरी चार वर्षं पोळ्या लाटल्या, मग हट्टाने शिक्षण पुरं केलं, आणि नागावच्या अलीकडच्या एका गावात मुलींच्या शाळेवर नेमणूक मिळाली. निघताना भावजय म्हणाली, "नाही जमलं तर या परत. स्वयंपाकघर काही पळून जात नाही." ती प्रेमानेच म्हणाली असेल. मला मात्र जन्मठेप सुनावल्यासारखं वाटलं.

गावात मला मान होता. मी रस्त्याने निघाले की पुरुष बाजूला होत, बायका पदर सावरून गप्प होत. एवढ्या मानावर माणूस जगतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो एकदा पानात वाढून खाऊन बघावा. घरमालकांच्या नारळीच्या वाडीच्या टोकाला माझी एक खोली होती. कुंपणापलीकडे एका आगरी कुटुंबाचं गवताने शाकारलेलं घर. नवरा मुंबईला गिरणीत, आणि इथे ती बाई, तिची सासू आणि दोन लहान पोरं. शनिवारी दुपारी शाळा सुटली की सोमवार सकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत नसे. मग मी वाचनमाला काढून रिकाम्या खोलीत मोठ्याने धडे वाची, आणि वाचून झालं की स्वतःलाच शाबासकी देई. इथली माणसं बोलत नाहीत, असं मी पुण्याला पत्रात लिहीत असे. मीही कुणाशी बोलत नाही, एवढं मात्र लिहीत नसे.

दुसऱ्या वर्षी श्रावणात मी तापाने पडले. दोन दिवस चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ताप उतरला आणि भूक लागली. काड्यापेटी दमट हवेने सादळली होती; काडी घासली की गुलाचा नुसता चिखल होई. त्या गावात रोज रात्री निखारे राखेत पुरून ठेवायची रीत होती, आणि ते विझलेच तर करवंटी घेऊन शेजारी विस्तव मागायला जात. एवढं मला ठाऊक होतं. मी भिंतीला धरत धरत मालकांच्या दारात गेले. मालकीणबाई तुळशीपाशी दिवा ठेवून नुकत्याच आत वळत होत्या.

"थोडा विस्तव द्याल का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या हातातल्या करवंटीकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाकडे पाहिलं. "दिवा लागला हो बाई," त्या म्हणाल्या. "आता नाही देता यायचा." आणि आत गेल्या.

त्या कपाळाकडे पाहण्याचा अर्थ मी लावून टाकला. सवाष्णीच्या घरातला विस्तव दिवेलागणीला माझ्यासारखीच्या हातावर कोण ठेवणार! खोलीवर आले आणि उरल्यासुरल्या उजेडात अर्ज लिहिला: इथली हवा मानवत नाही, तरी कामावरून मुक्त करावे. कागदाची घडी घालून चुलीवरच्या कोनाड्यात ठेवली. लिहिताना मी रडले, हे कबूल करते. भावाच्या स्वयंपाकघरातला तो काळा ओटा आणि त्यासमोर पन्नास वर्षांची झालेली मी, असं सगळं डोळ्यांपुढे येत होतं.

सकाळी उजाडल्याबरोबर कुणीतरी दाराची कडी वाजवली. बराच वेळ वाजवली. मी अंगावरचं पांघरूण तोंडावर ओढून घेतलं आणि उठले नाही. टपालवाल्यापर्यंत चालत जायची ताकद नव्हती, म्हणून अर्ज कोनाड्यातच राहिला. दिवसभर कोरडे पोहे चावले आणि पाणी प्यायले.

संध्याकाळी दिवे लागले आणि मागचं दार ढकलून ती कुंपणापलीकडची शेजारीण आत आली. एका हातात करवंटी, वर दुसरी करवंटी झाकलेली. दुसऱ्या हातात मडकं.

"चार दिस तुजे छपराव धूर न्हाय," ती म्हणाली. "जिती हायस का मेलीस, बगाया आली."

अख्ख्या गावात मला एकेरी बोलणारी तेवढी एकच.

"दिवा लागलाय," मी फणकाऱ्याने म्हटलं. "आता विस्तव देत नाहीत म्हणे."

"मी कय देतंय? माजी पेज तुजे चुलीव शिजवतंय. इस्तव माजा, मी परत नेन."

चुलीपुढे बसून राख उपसता उपसता तिने मला समजावलं. दिवा लागल्यावर मीठ, दही, विस्तव घराबाहेर द्यायचा नाही, लक्ष्मी जाते. कुणालाच द्यायचा नाही, पोटच्या पोरीला देखील नाही. आणि मालकीण? ती तर उजाडताच विस्तव घेऊन माझ्या दाराशी आली होती. "कडी वाजवून वाजवून गेली बिचारी. तू उगडलाच न्हाय."

इतकी शिकलेली मी, आणि रुसून पांघरुणात तोंड लपवून पडले होते.

लाकडं ओली होती. शेजारीण फुंकून फुंकून थकली, निखारे काळे पडायला लागले. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि कोनाड्यातला कागद उचलला. घडी उघडून माझ्यापुढे धरली. तिला वाचता येत नव्हतं.

"ह्यो कामाचा हाय का?"

मी त्या कागदाकडे पाहिलं. माझं वळणदार अक्षर, खाली माझी सही.

"नाही," मी म्हटलं. "काही कामाचा नाही."

तिने तो चुरगळून निखाऱ्यांवर ठेवला आणि वाकून फुंकर घातली. कागद पेटला, मग काटक्या पेटल्या. मी दोन वाट्या पेज प्याले तोवर ती हलली नाही. मग एक निखारा करवंटीत घेऊन, झाकून, परत गेली. कुंपणापलीकडून तिच्या सासूचा आवाज पुढे बराच वेळ येत होता. घराची लक्ष्मी गावभर फिरवतेस का, असं काहीतरी. चार दिवस ती म्हातारी सुनेशी बोलली नाही. हे मला नंतर कळलं, तिच्याकडून नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी मालकीणबाईंच्या ओटीवर जाऊन बसले. माफी मागायला गेले होते, ते काही जमलं नाही. लोणच्याची वाटी घेऊन परत आले.

त्यानंतर माझा एकटेपणा संपला असं लिहिलं तर ते खोटं होईल. रविवार तेवढेच लांब राहिले. पण कुंपणापलीकडून धूर दिसे, आणि माझाही कुणीतरी पाहत असेल, असं वाटे. दोन वर्षांनी भातकापणी झाल्यावर नवऱ्याने शेजारणीला, सासूला आणि पोरांना मुंबईला बोलावून घेतलं. रेवसला आगबोट गाठायला गाडी निघाली ती शाळेवरूनच गेली. तिने गाडीतून हात केला. वर्गात पाढे चालू होते, म्हणून मी दाराबाहेर गेले नाही. एवढीशी गोष्ट, पण ती मला अजून टोचते.

ते घर वर्षभर बिनधुराचं राहिलं. मग तिथे एक बाई येऊन राहिली, एकटीच. नवऱ्याने टाकलेली, मिठागरात कामाला जाणारी. गाव तिच्याविषयी बोले, तिच्याशी बोलत नसे. मीही दोन महिने तिच्याशी एक शब्द बोलले नाही. माझ्यावर जे बेतलं होतं तेच मी दुसऱ्यावर आणत होते, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

एका संध्याकाळी तिच्या छपरावर धूर दिसला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. माझा दिवा लावून झाला होता. सकाळी जाऊ, असं ठरवून मी मुलींच्या वह्या तपासायला घेतल्या. एकच वही तीनदा तपासली. मग उठले, चुलीतले निखारे करवंटीत भरले, मडक्यात तांदूळ आणि पाणी घेतलं आणि कुंपण ओलांडलं.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मिठाच्या पाण्याने पाय फुटून सुजले होते. उभं राहता येत नव्हतं. माझ्या हातातला विस्तव पाहून ती घाबरली.

"दिवा लागला, बाई. कशाला आनलाव?"

"मी देत नाही," मी म्हटलं. "माझी पेज तुझ्या चुलीवर शिजवते. विस्तव माझा, मी परत नेणार."

तिची ओली लाकडं माझ्या फुंकरीला दाद देईनात, सगळं घर धुराने भरलं, दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पेज पिऊन झाल्यावर तिने विचारलं, "ह्या तुमाला कोनी शिकिवला?"

मी नाव सांगायला तोंड उघडलं. ते मला ठाऊकच नव्हतं. तीन वर्षांहून जास्त काळ आम्ही कुंपणाच्या दोन बाजूंना राहिलो. मी तिला 'अगं' म्हणत होते, ती मला 'बाई'. तिने माझी नोकरी जाता जाता वाचवली आणि मी तिला नाव विचारलं नव्हतं.

"शेजारीण होती," मी म्हटलं. "याच घरात राहायची."

करवंटीत निखारा घेऊन, झाकून, मी दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"तुझं नाव काय गं?" मी विचारलं.

तिने सांगितलं.