कडेगावच्या पुलावर पालथ्या पाट्या

साताऱ्याच्या स्टँडवरून सकाळच्या गाडीत बसलो तेव्हा पिशवीत पाण्याची बाटली आणि चष्मा, एवढंच होतं. आदल्या दिवशी जुन्या सोबत्याचा, मारुतीचा फोन आला होता. "कडेगावजवळ पूल हुतोय. कामगारांनी पाट्या (घमेली) पालथ्या घातल्यात. बोलणी कराय दादूला न्यायचं म्हणत हुते, तर गावची म्हातारी माणसं म्हणत्यात, त्यो पाणी विकलेला माणूस हाय."

दादू मोहित्याने पाणी विकलं नव्हतं. ते मी घालवलं. तेवढं सांगायला निघालो होतो.

रहिमतपूरला टायर बसला. रस्त्याकडेला गटाराचं काम चालू होतं. बायका उघड्या हातांनी ओलं काँक्रीट उचलत होत्या. सिमेंटने त्यांची बोटं खाल्ली होती, आणि वर मोठा फलक: सुरक्षा आधी.

"हातमोजे द्यायचं करारात नाही का?" मी एकीला विचारलं.

"करार कसला, आवं आबा? मुकादम म्हनंल त्यो करार."

दुसरी हसली. "आबांस्नी दे गं एक पाटी. मग कळंल."

माझं डोकं तापलं. एके काळी आमच्या माणसांनी महिनोन्‌महिने भांडून करारात ओळ ओळ घालून घेतली होती. आता करार हा शब्दच कामावरून हाकलला आहे. कंत्राटदाराच्या खाली कंत्राटदार, त्याच्याखाली मुकादम. भांडायचं कुणाशी, हेच कुणाला सापडू नये अशी सोय.

पुसेसावळीला भाकरी आणि खर्डा (मिरच्यांचा ठेचा) घेतला. पुढे दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसामागे डोंगराची ती ओळखीची धार दिसली. तिच्या पोटातून आम्ही पाण्याच्या योजनेचा बोगदा काढला होता. मी युनियनचा सेक्रेटरी, दादू पुढारी. ड्रिलवर पाणी सोडलं की धूळ बसते. पाणी बंद केलं की काम भरभर होतं आणि दगडाची भुकटी छातीत जाते. संप पाण्यासाठीच होता.

आमची एक रीत होती. करार बोगद्याच्या तोंडाशी मोठ्याने वाचायचा. तोवर पाट्या पालथ्या. मान्य झाला की ज्याने त्याने आपली पाटी सुलटी करायची. वाचणारा मी. कंपनीचा साहेब आधी कानाशी म्हणाला, "कोरडं ड्रिल चालवायची मुभा, एवढी एक ओळ वाचताना गाळा. बाकी सगळं देतो." संपाला मी कंटाळलो होतो. गाळली. पाट्या सुलट्या झाल्या, दादूने सगळ्यांत आधी अंगठा उठवला. पुढे पाणी बंद झालं तेव्हा साहेबाने तोच अंगठा दाखवला. मी गप्प राहिलो. माणसं खोकत खोकत गेली, आणि शिव्या दादूला पडल्या.

पुलाखाली पोचलो तर पाट्यांची रांगच पालथी. दादू लांब दगडावर बसला होता. त्याला कुणी जवळ बोलावलं नव्हतं.

मी उभा राहून सगळं सांगितलं. मारुती खाली बघत राहिला. दादू काठी टेकत आला.

"तू व्हय रं," तो म्हणाला. "माझ्या पोरांची लग्नं मोडली तवा कुठं हुतास?"

त्याने ठेकेदाराच्या माणसाच्या हातातला नवा करार घेतला आणि माझ्यापुढे धरला. "वाच आता. समदं वाच." मग एका गवंडी बाईकडे वळला. "सुनंदे, तुला वाचाय येतंय न्हवं? ह्याच्या मागं उभी ऱ्हा. डोळा ठेव."

मी वाचू लागलो, सुनंदा माझ्या खांद्यावरून. पगार, सुट्टी, हेल्मेट ठीक होतं. मग आलं: उंचीवर कामगाराने स्वतःच्या जबाबदारीवर काम करावे.

"ते नुसतं नियमाचं असतंय, काका," ठेकेदाराचा माणूस म्हणाला. "पुढं चला."

मी ती ओळ पुन्हा वाचली, आणखी मोठ्याने.

"म्हंजे पट्टा न्हाई, जाळी न्हाई," दादू म्हणाला. "पडला तर तुझं तू बघ." आता त्याच्याभोवती माणसं उभी होती. एकही पाटी हलली नाही.

संध्याकाळच्या गाडीला दादू पोचवायला आला नाही, आणि त्याने यावं असं मी काही केलेलं नाही. मारुतीने खिडकीपाशी येऊन सांगितलं, उद्या बोलणीला दादू पुढं बसणार. गाडी पुलाजवळून गेली तेव्हा मी मान बाहेर काढून पाहिलं. पाट्या अजून पालथ्याच होत्या.