बाबांची खुर्ची आणि चार खांबांची लिफ्ट

आमच्या गॅरेजात चार खांबांची लिफ्ट आली ती गाड्यांसाठी नव्हे, बाबांच्या खुर्चीसाठी. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे काय? तर सांगते.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला आम्ही अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोत राहत होतो. नवरा, मी आणि चौथीतली मुलगी. नवरा पुण्याचा, मी नागपूरची. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे घरात गाड्या दोन आणि बोलायला वेळ कमी. आई गेल्यावर बाबा नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकटेच होते आणि मी एकुलती एक. एकदा ते बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले आणि दूधवाल्यानं बेल वाजवेपर्यंत तसेच पडून होते, हे मला शेजारच्या काकूंनी पंधरा दिवसांनी फोनवर सांगितलं. बाबांनी स्वतः एका शब्दानं कळवलं नव्हतं. त्यानंतर मी कुणाचं ऐकलं नाही. आम्हाला सिटिझनशिप मिळालेली होती, म्हणून बाबांच्या ग्रीन कार्डाचे कागद केले आणि त्यांना घेऊन आले. कायमचं.

बाबा आले खरे, पण ते लेकीच्या घरी आले. माझे आजोबा आत्याकडे गेले की तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. आपला तांब्या बरोबर न्यायचे. बाबा या चालीला हसायचे. पण हाडीमाशी खिळलेलं कुठं जातं? दुसऱ्यांदा भाजी वाढायला गेलं की ताटावर हात आडवा. टीव्ही आपण होऊन लावणार नाहीत. थंडी वाजत असली तरी एसी कमी करा म्हणणार नाहीत. आणि नवरा ऑफिसातून आला की उठून उभे राहणार. त्यांची सगळी नोकरी कोर्टात गेली होती, साहेब आले की उठायची सवय असेल, अशी मी स्वतःची समजूत घालायचे. 

"अहो बाबा, बसा ना," नवरा रोज म्हणायचा. 

"तुम्ही बसा आधी, जवाईबापू." 

एकदा मुलीनं विचारलंच, "आजोबा, व्हाय डू यू स्टँड अप? इट्स जस्ट डॅड!" बाबा हसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उठले. मला त्याचा राग यायचा. आपल्या बापानं आपल्याच घरात इतकं जपून वागावं, याचा राग कुणावर काढायचा तेही कळायचं नाही.

त्यांचा जीव रमला तो एकाच ठिकाणी, गॅरेजात. प्लेनोत बऱ्याच घरांचं गॅरेज मागच्या बाजूला असतं आणि मागे एक अरुंद बोळ असतो. घरासमोरचा रस्ता देखणा, पण तिथं चिटपाखरू दिसत नाही. माणसं दिसतात ती बोळात. कुणी गाडी धुतंय, कुणी कचऱ्याचा डबा ओढतंय, मुलं सायकली पिटाळतायत. आल्यावर आठवडाभरातच बाबांना हा शोध लागला. गॅरेजचं दार वर करून, घडीची खुर्ची टाकून ते सकाळ-संध्याकाळ तिथं बसू लागले. प्लेनोच्या उन्हाची आम्ही काळजी केली तर म्हणाले, "नागपूरच्या माणसाला ऊन दाखवता काय?" बोळातली माणसं हात करायला लागली. समोरची एक म्हातारी बाई त्यांना तिच्या कुत्र्याच्या तब्येतीचं सांगायची आणि बाबा कोर्टातल्या इंग्रजीत "आय सी, आय सी" करायचे. रोज त्यांना खुर्चीला जागा हवी म्हणून नवऱ्यानं आपली गाडी गॅरेजाबाहेर लावायला सुरुवात केली. कुणी कुणाला काही बोललं नाही, जागा आपोआप झाली.

आणि मग एप्रिलात गारा पडल्या. टेक्सासच्या गारा ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना सांगून खरं वाटणार नाही. लिंबाएवढ्या होत्या. आम्ही आत खिडकीशी उभे आणि बाहेर नवऱ्याच्या गाडीवर ताशा वाजावा तसा तडतडाट. थांबल्यावर पाहिलं तर टपावर आणि बॉनेटवर नुसते पोचे. नवऱ्यानं हसण्यावारी नेलं. इन्शुरन्स आहे, म्हणाला, ऑफिसात अर्ध्या लोकांच्या गाड्या अशाच झाल्यात. पण बाबा कितीतरी वेळ त्या पोच्यांवरून हात फिरवत राहिले. 

दुसऱ्या दिवशी खुर्ची घडी करून भिंतीला टेकवलेली होती आणि बाबा आपल्या खोलीत बसले होते. गॅरेजाची अर्धी जागा झाडून स्वच्छ केलेली. आठवड्यानं जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "नागपूरचं तिकीट स्वस्त कोणत्या महिन्यात असते?" तो रिकामा फ्लॅट आणि ते बाथरूम माझ्या डोळ्यांसमोरून जाईना.

लिफ्टची कल्पना नवऱ्याची. एकावर एक दोन गाड्या ठेवायच्या म्हणजे निम्मं गॅरेज मोकळं, गाड्या गारांपासून सुरक्षित आणि बाबांना बोलायला जागाच नाही. बाबांना मात्र खरं कारण कळता कामा नये. म्हणून आम्ही ठरवलं की लिफ्ट ही नवऱ्याची लहानपणापासूनची हौस. ज्या माणसाला स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडायचा खटका शोधायला दहा मिनिटं लागतात, त्याला एकाएकी गाड्यांची हौस! पण सोंग आणायचं तर पुरतं आणावं, म्हणून तो कॅटलॉग घेऊन सोफ्यावर पसरायला लागला.

दोन खांबांची स्वस्त आणि आटोपशीर होती. पण ती जमिनीत बोल्ट मारून बसवावी लागते आणि आमच्याकडच्या घरांच्या काँक्रीटमध्ये ताणून बसवलेल्या पोलादी केबली असतात, तिथं ड्रिल चालवणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. चार खांबांची आपल्या पायांवर उभी राहते. तिच्यावर गाडी नुसती चढवायची, चाकांखाली दोन लांब पट्ट्या, खाटेवर निजवावी तशी. मग छताची उंची मोजायची होती. टेपचं एक टोक बाबांनी धरलं, दुसरं नवऱ्यानं. दोन्ही गाड्या बुटक्या म्हणून ओढूनताणून जमत होतं. दाराचे रूळ तेवढे वर घ्यावे लागणार होते. मोजमापात बाबा रंगले. मला वाटलं, जमलं.

शनिवारी आम्ही हायवेच्या कडेच्या शोरूमला गेलो. टोपी घातलेल्या एका उंच माणसानं एक जीप वर चढवून दाखवली. वर जाताना चारी खांबांतून खटखट आवाज येत होता. बाबांनी डावा हात वर केला. "वन क्लॅरिफिकेशन, प्लीज. इफ लाइट गोज?" नागपूरला तेव्हा रोज लोडशेडिंग, त्यामुळे तो प्रश्न त्यांना पडणारच. त्या माणसानं समजावलं की गाडी विजेवर टेकलेली नसतेच. प्रत्येक खांबात लोखंडाचे दाते असतात, त्यांत खटके अडकतात आणि गाडी त्यांच्यावर बसते. महिना महिना राहिली तरी हलत नाही. लोक त्यासाठीच तर घेतात, तो म्हणाला, जी गाडी रोज काढायची नसते ती वर ठेवायला. 

बाबांनी पुन्हा हात वर केला. दोन्ही गाड्या रोज लागत असतील तर? 

तो माणूस दिलखुलास हसला. "मग, सर, तुम्हाला लिफ्टची गरज नाही. मोठ्या गॅरेजची आहे."

नवऱ्यानं घाईघाईनं मॉडेलच्या गोष्टी काढल्या. तिथल्या दोन मॉडेलांपैकी एक जवळजवळ ठरलंही.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून आवाज आला. "खोट्या साक्षी ऐकण्यात माझी हयात गेली, पोरी. जवाईबापूंना हौस नाही अन् काही नाही."

माझा संयम सुटला. "हो! तुमच्यासाठीच घेतोय! मग? काय बिघडलं त्यात? तुम्हाला तरी नेमकं हवंय काय, बाबा? तिकडं जाऊन पुन्हा पडून राहायचंय?" मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण आवाज चढलेला होता एवढं नक्की.

बाबा चिडले नाहीत. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. "तू काहून रडते?" ते म्हणाले. "तुम्ही काही कमी करत नाही, तेच तर आहे. पाहुण्याला ठेवून घेतात, बाई. घरचा माणूस नुसता राहतो. मी आलो तेव्हापासून तुम्ही मला ठेवून घेताय. आता माझ्या नावानं एवढं लोखंड उभं करणार. त्याच्या बाजूला मी कोणत्या तोंडानं बसू?"

नवऱ्यानं एका किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी घातली आणि बंद केली. मला वाटलं, आता हा गोड बोलून समजूत काढणार. तो वळला आणि ऑफिसातल्या कुणाशी बोलावं तसं म्हणाला, "बाबा, तुमचं बरोबर आहे. मला ती लिफ्ट नकोच आहे. ही सातला निघते. त्यानंतर माझी गाडी खाली घेत बसणं मला रोज सकाळी जमणारच नाही, मी तसा माणूस नाही. घेतली तर चालवायची तुम्ही. मी गाडी चढवणार आणि उतरवणार, बाकी वर-खाली सगळं तुमच्याकडे. रोज. कंटाळा आला, गुडघे दुखले, तरी. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, आपण विषय बंद करू."

मी नवऱ्याकडे बघतच राहिले. माझ्या बाबांशी तो इतका रोखठोक कधी बोलला नव्हता.

मागून बाबा म्हणाले, "मला गाडी चालवता येत नाही." 

"गाडी नाही. लिफ्ट." 

"तिचं काही पुस्तक असेल ना?" 

"असतं." 

"मग फिरवा माघारी. ते दुसरं मॉडेल बघू द्या मला."

आणि मग खरी निवड झाली. आधी आम्ही छत आणि जमीन मोजत होतो, आता बाबांचा हात मोजायचा होता. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. आमच्या जवळजवळ ठरलेल्या लिफ्टचा खटके सोडवायचा दांडा नेमका तिथंच, आणि घट्ट. बाबांनी तो ओढून पाहिला, मान हलवली आणि पुढं गेले. दुसरीचा दांडा कमरेजवळ होता, बटणं दाराकडच्या खांबावर. त्यांनी त्या माणसाला ती तीनदा वर-खाली करायला लावली आणि दर वेळी वेगळ्या खांबाशी कान लावून उभे राहिले. ही जरा हळू जाते, तो माणूस म्हणाला. "हळू जाते ते चांगलंच आहे," बाबा मला म्हणाले, "घाई कुणाला आहे?" त्या माणसाला मी याचं भाषांतर करून सांगितलं नाही. आम्ही ती घेतली.

लिफ्ट बसवायला माणसं आली तेव्हा मी ऑफिसला होते. आले तर बाबा चष्मा लावून त्या पुस्तकात पेन्सिलीनं खुणा करत बसले होते, आणि नातीनं खांबांच्या जवळपास फिरकायचं नाही असा हुकूम निघालेला होता. मला धाकधूक होती. माणूस जिद्दीनं हो म्हणतो, पण चार दिवसांनी ते काम त्याला आपल्यावरच्या उपकारासारखं वाटायला लागतं. तिकिटाची चौकशी पुन्हा निघेल असं मी धरूनच चालले होते.

थोड्या वेळानं बोळात नवऱ्याची गाडी वळली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. बाबा खांबाशी उभे होते. नवरा नेहमीच्या झोकात आला आणि तसाच वर चढू लागला. पुढचं डावं चाक पट्टीच्या कडेकडे सरकत होतं. आता ते घसरून मधल्या पोकळीत जाणार, हे मला इतक्या लांबूनही दिसत होतं. मी ओरडणार, तेवढ्यात बाबा ओरडले.

"ए! थांब! डोळे फुटले का तुझे? चाक बघ, चाक कुठं चाललंय! घोड्यावर बसून आलास का? आता हलू नको!"

गाडी जागच्या जागी थांबली. मी हातातला डाव तसाच धरून उभी. स्कूटर शिकताना मी कुंपणावर नेऊन आदळली होती, तेव्हा बाबा माझ्यावर अस्से ओरडले होते. त्यानंतर तो आवाज मी ऐकला नव्हता. प्लेनोत तर नाहीच.

नवऱ्यानं काचेतून डोकं बाहेर काढलं. 

"कुठं घेऊ, बाबा?" 

"माघारी घे आधी. घे, घे. अजून. हां. चाक सरळ कर. आता ये. येऊ दे… येऊ दे… घाई करू नको म्हटलं ना? येऊ दे… थांब."

नवरा उतरून बाजूला झाला. बाबांनी बटण दाबलं आणि चारी खांबांतून खटखट करत गाडी हळूहळू छताकडे निघाली. वर पोचून ती खटक्यांवर बसली, तरी बाबांचं बोलणं संपेना. बोळात मुलं खेळतात, वळताना वेग किती असावा, एवढं शिकून अक्कल येत नाही का. नवरा खांद्याला बॅग अडकवून, मान खाली घालून निमूट ऐकत उभा होता. माझ्या नवऱ्याला कुणी असं झापलेलं मला एरवी खपलं नसतं. त्या दिवशी मी दारात उभी राहून डोळे पुसत होते आणि मनात म्हणत होते, अजून बोला, बाबा, अजून बोला.