वर घातलेल्या दोन कोळंब्या

तुमची आई दहा वर्षांची होती तेव्हा आमच्या नौपाड्यातल्या घरात माशांची काचेची टाकी होती. तिच्या एंजल माशांनी दोनदा स्वतःचीच अंडी खाल्ली. तिसऱ्या वेळी तिने अंडी चिकटलेलं पान छोट्या टाकीत हलवलं आणि पिल्लं निघाली. शाळेतून आली की दप्तर न उतरवता आधी मोजायची. एकोणचाळीस.

मग संख्या घटू लागली. काचेवर बारीक पांढरे धागे दिसले. भिंगातून पाहताच ओळखलं, हायड्रा, पाण्यातला शिकारी जीव. कॉलेजात मी त्याच्या आकृत्या काढल्या होत्या. जवळून जाणारं पिल्लू त्याला चिकटे आणि सुटत नसे. औषध घातलं तर पिल्लंही मेली असती. लायब्ररीतल्या एका इंग्रजी पुस्तकात उपाय सापडला: गोड्या पाण्यातली बारीक कोळंबी हायड्रा खाते, पिल्लांच्या वाटेला जात नाही.

बाळकुमची एक कोळीण आमच्या जिन्यात मासे विकायला यायची. तिला म्हटलं, "खाडीतली नको, तळ्यातली आण. नखाएवढी आणि जिवंत."

"नखाएवरी? कालवण कशाचं करशील बाय?"

"कालवण नाही गं. टाकी साफ करायला हवी आहे."

"म्हंजे कामवाली ठेवतंस म्हन की!"

दोन दिवसांनी ती सकाळीच डबा घेऊन आली. मोजून बारा. पैसे देताना सवयीने तोंडून गेलं, "वर काही घाल की."

"तुझी सवय काय जायची नाय," म्हणत तिने दुसऱ्या भांड्यातल्या दोन डब्यात टाकल्या. मी पाहिलंही नाही.

तुमची आई शाळेला निघाली होती. "आई, पिल्लांना नक्की काही करणार नाहीत ना?"

"नक्की. पुस्तकात आहे."

ती गेल्यावर मी डबा पिल्लांच्या टाकीत रिकामा केला. बारीक कोळंब्या काचेवर चढून धागे उपटू लागल्या. मी खूश झाले. तेवढ्यात दगडामागून एक लांब, निळसर नांगी पुढे आली; वर घातलेल्या दोन दुसऱ्याच जातीच्या होत्या. एक पिल्लू गेलं. मग दुसऱ्या बाजूने आणखी एक.

मी जाळी घातली. गाळ उठला, काही दिसेना. जिन्यात धावले. कोळीण खालच्या मजल्यावर होती. "अगं, लवकर वर ये!"

ती आली आणि नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर थांबली. इतक्या वर्षांत मी तिला कधी आत बोलावलं नव्हतं.

"आत ये गं."

तिने पाण्यात हात घातला आणि तो तसाच ठेवला. गाळ बसला. आमच्या डोळ्यांदेखत आणखी एक पिल्लू गेलं.

"अगं, धर ना!"

"गप. हललू तर दोगंव दगडाखाली जातील."

मग तिने एकीला पाठीकडून चिमटीत धरलं. थोड्या वेळाने दुसरीलाही.

"वर तूच मांगलंस ना?" ती म्हणाली.

"मीच."

संध्याकाळी तुमची आई टाकीपुढे बसली. सकाळी एकतीस होती. तिने तीनदा मोजली. "चोवीसच आहेत. हायड्राने खाल्ली?"

हो म्हणणं सोपं होतं. पण मी सगळं सांगितलं, वर मागितल्याचंही. ती पुन्हा काचेकडे वळून चौथ्यांदा मोजू लागली.

आठवड्यात काच स्वच्छ झाली. चोवीसच्या चोवीस जगली. पण त्या टाकीत मी काहीही घालायला गेले, साधं खाद्यसुद्धा, की तुमची आई आधी माझी मूठ उघडून बघायची.