मराठीतल्या शंका

मला माझ्या मैत्रिणीचा हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. आम्ही दोघी पुण्याहून एकाच वर्षी सिडनीला शिकायला आलो, हॅरिस पार्कच्या फ्लॅटमध्ये एकाच कुकरचा भात खाल्ला आणि पुढे एकाच कंपनीत इंजिनिअर म्हणून लागलो. तिच्या वाट्याला मॉलच्या पार्किंगचं काम आलं, माझ्या वाट्याला बेट.

हिंदी महासागरातलं हे बेट ऑस्ट्रेलियाचं. वसाहत म्हणायचं नाही, टेरिटरी म्हणायचं. पण कारभार हजारो मैलांवरून चालतो आणि तिथल्या मूठभर मलय घरांना कुणी काही विचारत नाही. तिथली जुनी जेट्टी दुरुस्त करायचं काम माझं. दोन वर्षं जाऊन येऊन मी तिचा तळ तपासला, उन्हात कातडी सोलून घेतली. मग कॅनबेरात कुणाच्या तरी लक्षात आलं, की उद्या युद्ध पेटलं तर हे बेट हातचं जाईल. संरक्षणाचा आराखडा ठरला: लांब धावपट्टी, इंधनाच्या टाक्या आणि माझ्याच जेट्टीवर लष्कराचं अवजड सामान उतरवायची सोय. काम गुप्त झालं. आता ते फक्त ऑस्ट्रेलियन नागरिकांनाच करता येणार होतं.

मी अजून भारतीय. बाबा लष्कराच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. ‘मी आहे तोवर पासपोर्ट बदलू नकोस,’ असं ते एकदा म्हणाले आणि मी मुकाट्याने ऐकलं. तिने मात्र पैठणी नेसून कौन्सिलच्या हॉलमध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली. फोटो मीच काढले. यथावकाश तिला सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गुप्त कामाची सरकारी परवानगी, मिळाला आणि माझं बेट कार्ड लावल्याशिवाय न उघडणाऱ्या दारामागे तिच्या टेबलावर गेलं. मॅनेजर मला ‘नो वरीज’ म्हणाला आणि त्याने मॉलचं पार्किंग माझ्याकडे दिलं.

फाइली मी तिच्या नीट हवाली केल्या. वही दिली नाही. माझी जुनी खोड आहे: रिपोर्टात इंग्रजीतून ठाम आकडे लिहायचे आणि शंका वहीत मराठीतून, म्हणजे साइटवर कुणी डोकावलं तरी कळायला नको. जेट्टीच्या टोकाखालचं प्रवाळ मला पोकळ वाटत होतं. होड्यांना चाललं असतं, जड सामानाचा भरवसा नव्हता. दुरुस्तीच्या कामात त्याची गरज पडली नाही, म्हणून ते वहीतच राहिलं.

एका शनिवारी दुपारी मी तिच्या स्कोफिल्ड्सच्या नव्या घरी गेले होते. चहा ओतता ओतता ती म्हणाली, “तुला तिकडे टोकाला काही ऑड वाटलं होतं का गं…” आणि थांबली. “जाऊ दे. मला यावर बोलता येत नाही.”

ती अडकली होती. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. “पोहे छान झालेत,” मी म्हटलं.

रविवारी बाबांचा फोन आला. “अगं, ती डिफेन्सच्या कामावर आहे म्हणे. नाव काढलं पोरीने.” ज्यांच्यासाठी मी पासपोर्ट जपला, ते बाबा. काहीतरी कारण सांगून मी फोन ठेवला आणि बराच वेळ धुमसत बसले. जेट्टी खचली तर कागदावर सही तिची असेल, असंही मनात येऊन गेलं. पण त्या जेट्टीवर माणसं असतील. बेटावर मला रोज तळलेला मासा आणून देणारा म्हातारा आपली होडी तिथेच बांधतो.

सोमवारी लंचच्या वेळी मी त्या बंद दाराशी तिला बाहेर बोलावलं आणि वही हातात दिली. तिने उभ्या उभ्या चार पानं वाचली. तिचा चेहरा उतरला.

“थँक्स गं,” ती म्हणाली.

मी वही घ्यायला हात पुढे केला. तिने दिली नाही.

“ही आता आत ठेवावी लागेल. आणि यातलं कुणाशी बोलू नकोस, प्लीज. माझ्याशीसुद्धा.”

“अगं, माझी वही आहे ती. निदान एकदा वाचू तरी दे.”

“तुला क्लिअरन्स नाही ना,” ती अगदी मायेने म्हणाली आणि कार्ड लावून आत गेली.