जिवंत एल्मेरचे नऊ दिवस

एल्मेर जिवंत होता, आणि निकोलासा झेपेदा त्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून प्रार्थनेला बसली होती.

तिचं कामच ते. वस्तीत कुणी गेलं की नऊ दिवस, दुपारी चार वाजता, त्या घरी माळ घेऊन जायचं. भिंतीशी मयताचा फोटो, त्याचा शर्ट, मेणबत्ती, आणि आत्म्याला तहान लागते म्हणून पाण्याचा पेला. पाद्री महिन्यातून एकदा यायचे, तेही घाईत. त्यामुळे वस्तीतल्या मेलेल्यांचं सगळं निकोलासाच्याच गळ्यात. सत्तावीस वर्षं झाली. आधी म्हातारी माणसं जायची, त्यांच्यासाठी लोकांचं रडणंही कसं निवांत असायचं. आता पोरं मरतात! ज्यांचे शेंबूड पुसले, ज्यांना क्रूसाची खूण करायला शिकवली, त्यांच्याच फोटोसमोर बसायचं. असलं उलटं काम देवाने कुणाला देऊ नये.

शहरातून माणसं यायची, वह्या घेऊन. पोरं टोळीत का जातात, विचारायची. निकोलासा फणकारायची, "त्यात विचारायचं काय, बाबांनो? बाराला शाळा सुटते, आई कपड्यांच्या कारखान्यातून सातला येते. मधले सात तास पोरगं कुणाचं? जो हाक मारील त्याचं!" टोळी हाक मारायची. आधी हातात मोबाइल द्यायचे, कोपऱ्यावर बसून पोलीस दिसले की कळवायचं. मग नवे बूट. मग एक दिवस कुणाला तरी संपवायला सांगायचे. सहावीनंतरची शाळा दुसऱ्या टोळीच्या रस्त्यापलीकडे, तिकडे गेलेलं पोर परत येईलच असं नाही. म्हणून निकोलासाने दुपारी आपलं स्वयंपाकघर उघडं ठेवलं. या, भात-घेवडा खा, अभ्यास करा, भांडा. अकरा पोरं यायची. शहरातल्या लोकांनी वहीत यातलं काय लिहिलं, देव जाणे.

एल्मेर त्या अकरांतला. चौदा वर्षांचा, हसरा. रविवारच्या आत पाववाल्याला गोळी घाल, नाहीतर तुझी पाळी, असं टोळीने त्याला सांगितलं, तेव्हा त्याची आई सुयापा धावत निकोलासाकडे आली.

"निकोबाई, काहीतरी करा हो. टोळीवाले मेल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत."

"मग मरू दे त्याला," निकोलासा म्हणाली.

एल्मेरला मक्याच्या पोत्यांखाली लपवून तिने आपल्या भावाच्या ट्रकमधून डोंगरात कॉफीच्या मळ्यावर पाठवलं. वस्तीत सांगितलं, पोरगं कामासाठी उत्तरेकडच्या देशात निघालं होतं, सरहद्दीच्या नदीत बुडालं, प्रेत मिळालं नाही. अशी बातमी दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या घरी यायचीच. कुणी जास्त विचारलं नाही.

पण फोन करायची सोय नव्हती, टोळीची पोरं सगळ्यांचे मोबाइल तपासायची. एल्मेर पोचला की नाही, कुणालाच कळेना.

प्रार्थनेच्या पहिल्या दिवशी टोळीची तीन पोरं सुयापाच्या घरी खुर्च्यांवर येऊन बसली. खरंच मेलाय का, बघायला. दुसऱ्या दिवसापासून त्यांतला एकटाच, ज्याला उंदऱ्या म्हणायचे तो, येऊ लागला. तेरा वर्षांचा, पायात दोन मापं मोठे बूट. मागच्या खुर्चीत बसून कोण किती रडतं ते बघायचा. कॉफी दिली तर प्यायचा नाही.

चौथ्या दिवशी सुयापाने हंबरडा फोडला. निकोलासाला आधी वाटलं, काय छान सोंग घेते बाई! पण लोक गेल्यावरही ती थांबेना.

"माझं पोर मला भिजलेलं दिसतं," ती म्हणाली. "दारात उभं राहतं."

"अगं वेडे, तो डोंगरावर कॉफीची फळं तोडत बसलाय."

"तुम्ही पाहिलंत?"

निकोलासाने पाहिलं नव्हतं.

सहाव्या दिवशी पेल्यातलं पाणी दोन बोटं कमी झालं. उकाडाच तेवढा आहे, असं म्हणून निकोलासाने वर बशी ठेवली. सातव्या दिवशी बशी जागच्या जागी आणि पाणी आणखी खाली. आठव्या दिवशी तिने शर्ट नीट करायला हात लावला, तर कॉलर ओली लागली. जिवंत माणसासाठी ही प्रार्थना म्हटली तर मरण ते नाव ऐकतं आणि शोधत येतं, हे तिला तिच्या आईने बजावलं होतं. नवव्या दिवशी माळेचे मणी तिच्या घामाने निसटत होते, तरी तिने शेवटपर्यंत म्हटलं. फोटो उतरवला. लोक मक्याची बिस्किटं घेऊन गेले. सुयापाला शेजारणीने आत नेऊन निजवलं.

उंदऱ्या मागच्या खुर्चीतच होता.

"एल्मेर मेला नाहीये," तो म्हणाला.

निकोलासाने माळ मुठीत घेतली. "कोण म्हणतं?"

"मी चाळीसेक मयतांना बसलोय, आजी. पाठ झालंय मला सगळं. तुम्ही प्रत्येकाची दोन्ही आडनावं घेता, बापाचं आणि आईचं. एल्मेरचं आईचं गिळता. नऊ दिवस गिळलंत."

अर्ध्या नावाने मरणाला पत्ता लागू नये, म्हणून तिने केलेलं ते. सुयापालाही न कळलेलं ते या पोराने ओळखलं होतं.

"कुणाला सांगितलंस?"

पोराने मान हलवली. नाही. मग बुटांकडे बघत त्याने विचारलं.

"माझे पण असेच नऊ दिवस कराल?"

निकोलासाला एकदम रडू आलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरी ती कोरड्या डोळ्यांनी बसली होती. शालीच्या टोकाने तोंड पुसून तिने आवाज कडक केला. "पूर्ण नाव सांग. उंदऱ्या नको."

"हेर्सोन मेहीया."

"आणि दुसरं आडनाव?"

"नाहीये. बापाने दिलंच नाही. एकच आहे, आजी, आईचं. ते गिळलंत तर मरणाला फसवायला उरेल काय?"

"माझं घे," निकोलासा म्हणाली. "हेर्सोन झेपेदा मेहीया. त्यातलं झेपेदा मी गिळीन."

बाहेरच्या कोपऱ्यावरून टोळीतल्या कुणीतरी त्याला शिट्टी मारली. पुन्हा मारली. हेर्सोन उठला नाही.