ॲम्ब्युलन्सवाल्या कंपनीची गाडी

आमच्या बाबांनी जन्मभर क्रेन चालवली, पण त्यांना कार चालवता येत नाही. भिलाईत याचं कोणाला नवल वाटत नाही. स्टील प्लांटमध्ये छपराखालच्या केबिनमध्ये बसून त्यांनी तापलेलं लोखंड इकडचं तिकडे केलं, आणि शिफ्ट सुटली की सायकलवर टांग मारून सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये परत. पुढे स्कूटर आली. कारचा विषय निघाला की म्हणायचे, "मी इतक्या वरून दुनिया पाह्यली, आता रस्त्यावरून काय पाहू?"

घरातही क्रेनचीच भाषा चालायची. क्रेनखाली उभा राहून सिग्नल देणारा माणूस 'हाबिस' ओरडला की माल वर उचलायचा, 'आरिया' ओरडला की खाली सोडायचा. मला खांद्यावर घेताना बाबा 'हाबिस' म्हणत आणि उतरवताना 'आरिया'. आई तर गॅस बारीक करायलाही 'आरिया कर' म्हणून सांगायची. शाळेत जाईपर्यंत मला वाटायचं की हे शब्द सगळ्यांच्याच घरी असतात.

रिटायर झाल्यावर बाबांनी उतई गावाच्या पलीकडे जमिनीचा एक तुकडा घेतला. आंब्याची काही झाडं, सीताफळं, एक जांभूळ आणि कवेलूच्या छपराची एक खोली, बस. आई गेल्यावर त्यांचा सगळा जीव तिथेच. सकाळी डबा बांधून स्कूटरवर जायचे आणि दिवेलागणीला यायचे. मागच्या हिवाळ्यात बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. उन्हाळ्यात आम्ही त्यांना एकदा ऑटोने नेऊन आणलं, पण पाऊस लागला आणि तेही बंद झालं. पक्की सडक हातपंपापाशी संपते, पुढे नुसती कन्हार. कोरडी असली तर दगड, ओली झाली तर पायातली चप्पल ओढून घेणारी काळी माती. ऑटोवाला तिथे हात जोडतो, आणि वॉकर घेऊन त्या चिखलात चालायचं तर विचारूच नका.

बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. जेवण कमी झालं. गावातला एक जण ती जमीन मागत होता. एके दिवशी वरणभात चिवडता चिवडता म्हणाले, "पोळा झाला का त्याले हो म्हणून टाकतो. पाहाले जाता येत नाही, तं ठेवून काय करू?"

आवाज असा की जमिनीसोबत स्वतःलाही विकायला काढलं आहे. मला भीती वाटली. आणि मला भीती वाटली की मी चिडते, हा माझा जुना स्वभाव. "पोळ्याच्या आधी तुमाले तिथं नेऊन उभं नाही केलं, तं मले तुमची पोरगी नका म्हनू," असं म्हणून मी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

माझा नवरा शांत माणूस आहे. त्याने पेपरमधून डोकंही काढलं नाही. "एका किलोमीटरच्या चिखलासाठी गाडी घेऊन राहिली तू?"

"हो."

"घे मग. पन धुवाले मले सांगशील नको."

मला फोर-व्हील ड्राइव्ह पाहिजे होती, म्हणजे जिच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर जातो ती. नवी घेण्याची आमची ऐपत नव्हती, म्हणून जुनी. पण आपल्याकडे 'फोर-व्हीलर' म्हणजे कोणतीही कार. दुर्गच्या रस्त्यावर जुन्या गाड्यांची जेवढी दुकानं आहेत तिथे जाऊन मी "फोर-व्हील है क्या?" असं विचारलं, की प्रत्येकजण कौतुकाने एक पांढरी छोटी कार दाखवायचा. एकाने तर हसून समजावलं, "सब फोर-व्हीलर ही है मैडम, तीन चक्के का तो ऑटो होता है." वर म्हणाला, भैया को साथ ले आइए. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भैया घर पे चाय बना रहे हैं, जो पूछना है मुझसे पूछो," म्हटलं आणि स्कूटरला किक मारली. संध्याकाळी हे ऐकून नवऱ्याने खरंच चहा ठेवला.

शेवटी एका दुकानाच्या मागच्या अंगाला, कडुनिंबाखाली, ती दिसली. उंच, चौकोनी, रंग उडालेली, आणि बोनेटवर दुकानदाराचा टॉवेल वाळत घातलेला. दुकानदार वयस्क होता. "वो रहने दो बहनजी," तो म्हणाला, "अच्छे घर के लोग वो नहीं लेते."

कंपनीचं नाव वाचलं आणि मला कळलं तो असं का म्हणतो ते. या कंपनीच्या गाड्या दणकट, पण तिचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात. खेड्यापाड्यातल्या ठासून भरलेल्या सवारी गाड्या तिच्या, आणि ॲम्ब्युलन्सही तिच्याच. तिच्या गाडीत बसून आलेला नवरदेव मी आजवर पाहिलेला नाही. ती कोणाच्या दारात उभी राहिली की शेजारीपाजारी विचारतात, कोण बिमार आहे? बाबांचं हाड मोडलं तेव्हा आमच्या दारात आली होती तीही याच कंपनीची.

पण मी आत बसून पाहिलं. दार लावलं की लोखंडी कपाट लावल्यासारखा आवाज. गिअरच्या बाजूला आणखी एक छोटा दांडा होता, त्यावरची अक्षरं घासून गेलेली. दुकानदाराने नाइलाजाने सांगितलं: दांडा वर असला तर मागचेच दोन चक्के ओढतात, मध्ये घेतला तर चारही, आणि एकदम खाली ओढला तर 'लो', म्हणजे चारही, पण हळू आणि पूर्ण ताकदीने. चिखलातून निघायचं तर खालीच. किंमत पांढऱ्या छोट्या कारपेक्षा कमी होती. मी म्हटलं, उतईच्या पलीकडे माझ्या बाबांना घेऊन गेली आणि परत आली तर घेईन, आणि तुम्ही सोबत चला. "बारिश में?" त्याने विचारलं. मी म्हटलं, बारिश में ही.

रविवारी गाडी क्वार्टरसमोर उभी केली. समोरच्या काकू फाटकाशी आल्याच. "अगं बाई! बिमार कोन आहे? बाबाले नेऊन राहिले का परत?"

बाबा वॉकर धरून पायरीपर्यंत आले होते, तिथेच थांबले. कितीतरी दिवसांनी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. "मी नाही येत," ते म्हणाले. "ह्या गाडीत मी एकदा पडून गेलो होतो."

काकूंना काहीतरी लागेल असं बोलायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ते गिळलं. "तेव्हा मागं होते तुमी," मी म्हटलं. "आता समोर बसा."

त्यांनी वॉकर माझ्या हातात दिला. सीट उंच होती. दुकानदाराने आणि मी दोन्हीकडून धरलं, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "हाबिस!" बाबा वर गेले, आणि बसल्यावर ओठांच्या कोपऱ्यातून थोडंसं हसले.

उतई गेलं, हातपंप आला, सडक संपली. पाऊस चालूच होता. माझे दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले. छोटा दांडा बरोबर बाबांच्या उजव्या हातापाशी होता. "बाबा, हा तुमच्याकडे," मी म्हटलं. त्यांनी हात ठेवला. बोटं कशी बसली ते मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्या हाताला दांडा शिकवावा लागत नव्हता. मागून दुकानदार म्हणाला, बीच में. बाबांनी मध्ये घेतला. गाडी चिखलात शिरली आणि चालत राहिली. मला वाटलं, जमलं.

बांधावरून पाणी उतरतं त्या खोलगट जागी ती रुतली. चाकं नुसती फिरायला लागली. मागून दुकानदार "लो में डालो, लो में!" म्हणून ओरडत होता, पण माझं डोकं चालेना. गाडी वर यायला पाहिजे, एवढंच सुचत होतं. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "बाबा, हाबिस! हाबिस!"

आणि बाबांनी दांडा वर सारला. इतक्या वर्षांची सवय, सिग्नल मिळाला की हात थांबत नाही. मागचीच चाकं गरगरली, चिखल काचांवर उडाला आणि गाडी मागून आणखी खाली बसली. दुकानदाराने कपाळावर हात मारला. मी त्याच्यावर ओरडले, मग गाडीवर ओरडले, मग इंजिन बंद झालं आणि टपावर पावसाचा आवाज तेवढा राहिला. आता ट्रॅक्टर बोलवा, बाबांना चिखलातून उचलून न्या, आणि पोळ्यानंतर ते त्या माणसाला हो म्हणणार. हे सगळं मीच घडवून आणलं, असं वाटून मला रडूच आलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "सिग्नल चुकला तुया," ते अगदी शांतपणे म्हणाले. "ऑपरेटरची गलती नाही."

मी नाक पुसलं.

"गाडी वर आनाची आहे म्हनून हाबिस म्हटलं ना तू? पन दांडा तं खाली घ्याचा आहे. चाल, गाडी सुरू कर. आन बराबर सिग्नल दे. घाबरून सिग्नल देनाऱ्याच्या हाताखाली मी कधी काम केलं नाही."

मी गाडी सुरू केली, क्लच दाबला आणि श्वास घेतला. "आरिया," मी म्हटलं.

त्यांनी दांडा सावकाश खाली ओढला. खालून 'खट्' असा आवाज झाला. मी क्लच सोडला. क्षणभर काहीच झालं नाही, मग समोरच्या चाकांनी माती धरली आणि गाडी वीत-वीत पुढे सरकायला लागली. बाबा पुटपुटत होते, "सावकास, सावकास, माल लटकून आहे." बांध चढून आम्ही पलीकडे गेलो, तेव्हा दुकानदाराने मागे टाळ्या वाजवल्या.

जागेवर पोचल्यावर बाबांनी वॉकर मागितलाच नाही. माझा खांदा धरून उतरले, चप्पल गाडीतच ठेवली आणि मातीत अनवाणी पाय ठेवला. आंबे त्यांच्या डोक्याच्या वर गेले होते. जांभळाच्या एका फांदीला त्यांनी हात लावला आणि तसेच उभे राहिले. मग एकदम खेकसले, "कावून इतकं गवत माजलं इथं? कोनीच पाहून नाही राहिलं का?" माझ्या जिवाला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! जवळजवळ वर्षभरात ते कोणावर खेकसले नव्हते.

निघताना म्हणाले, "त्या मानसाले नाही म्हनून सांगतो. पुढच्या साली आंबा धरते." दुकानदार गुडघ्यापर्यंत चिखलात उभा होता. "तो बहनजी, बिक गई समझूँ?" त्याने विचारलं. मी मान हलवली.

परत आलो तेव्हा गाडी काचांपर्यंत काळी झाली होती. नवरा पायरीवर बसला होता. त्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उठून बादली आणायला गेला. काकू फाटकाशी होत्याच. "आले का? पन बिमार कोन आहे, ते तं सांगा!"

बाबांनी स्वतः हँडल फिरवून काच खाली केली.

"कोनी नाही बिमार," ते म्हणाले. "शेतातून येऊन राहिलो."

मग दार उघडून त्यांनी चिखलाने भरलेले पाय बाहेर काढले आणि माझ्याकडे हात केला. "चाल पोरी, आरिया."