माडीवरचा पॅरलल फोन

नव्या फोनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. म्हणून वकिलाचं ऑफिस एकहाती सांभाळणाऱ्या यमुताईनं सक्करदऱ्यातल्या त्या ऑफिसच्या घरमालकाच्या, रुपरावच्या लाईनीवरच पॅरलल फोन घेतला. रुपरावचा माडीवर, ऑफिसचा खाली; एकावरचं बोलणं दुसरा उचलला की ऐकू येई. वकील कुरकुरले तेव्हा "घरचाच माणूस हाय," असं तीच म्हणाली होती.

खुनाच्या खटल्यातला एकुलता साक्षीदार, कामठीचा विणकर गोविंदा, कुठं लपणार हे याच फोनवर ठरलं. त्याच संध्याकाळी गुंडांनी तिथंच गाठून लोखंडी रॉडनं त्याच्या दोन्ही हातांचा चुरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुताईनं दवाखान्यात फोन लावला. नर्स बोलू लागली तोच खट्ट वाजलं, आणि लाईनीवर दमेकऱ्याची घरघर ऐकू आली. दमा रुपरावलाच होता.

"ऐकून राहिले ना, रुपराव? थांबा, मी वर येऊन राहिली."

जिना चढून ती पोचली तरी रिसीव्हर त्याच्या कानालाच होता. तिनं तो हिसकावला आणि त्याच्या तोंडावर हाणला. पुन्हा हाणला. दात फरशीवर सांडले.

"मारू नको वं यमुताई, हात जोडतो!"

"जोडा," ती म्हणाली. "गोविंदाले आता तेही जमत नाही."